स्वच्छ बाटलीतच नमुना भरावा

तेवीस वर्षं बाटल्या माझ्याकडे येताहेत. मी कधी बाटलीकडे गेले नव्हते.

पुण्यातल्या आमच्या लहानशा प्रयोगशाळेत ट्रान्सफॉर्मरचं तेल, टर्बाइनचं तेल, हायड्रॉलिक यंत्रांचं तेल, हल्ली करंजाचं आणि तळणीच्या उरलेल्या तेलाचं बायोडिझेल असं सगळं तपासायला येतं. तपकिरी बाटली, तिच्यावर चिठ्ठी, चिठ्ठीवर गावाचं नाव. महाराष्ट्राचा नकाशा मला असाच पाठ झाला आहे: या गावचं तेल मधासारखं पिवळं, त्या गावचं काळं आणि आंबूस. घरी कुणी कोकणात जाऊन आलं की समुद्राचं वर्णन करतं आणि मी विचारते, "तिथल्या तेलाचा रंग कसा होता?" माझ्या मुलीनं यावरून माझी भरपूर टर उडवून झाली आहे.

तर या प्रवासाचं कारण होतं एक बाटली. पोलादपूरच्या डोंगरातल्या सात-आठ वाड्यांनी मिळून दूध थंड करायचं केंद्र उभारलं होतं. टाकी आली, शेड झाली, महाड औद्योगिक वसाहतीतल्या एका बंद झालेल्या कारखान्याचा ट्रान्सफॉर्मरही आणून चौथऱ्यावर बसवला. वीज जोडण्याआधी फक्त तेलाचा चांगला अहवाल हवा होता, आणि तो देणं माझ्या हातात होतं. मी त्यांना तीनदा नापास केलं.

ट्रान्सफॉर्मरचं तेल काय करतं, ते आधी सांगते. ते विजेला अडवून धरतं. आम्ही थोडं तेल एका लहान पेल्यात घेतो, त्यात धातूचे दोन गोळे समोरासमोर धरतो आणि त्यांच्यामधला विजेचा दाब वाढवत नेतो. तेल किती किलोव्होल्टपर्यंत तग धरतं आणि कधी ठिणगी पडते, ते बघायचं. निदान तीस तरी हवेत. या बाटल्यांतल्या तेलात चौदा, सोळा आणि तेरावरच ताडकन ठिणगी पडली. कारण एकच, पाणी. बाटलीभर तेलात पाण्याचा थेंबभर अंश असला तरी खेळ खलास.

मला खटकत होतं ते वेगळंच. तेल दिसायला सुरेख होतं, आंबटपणा नव्हता, गाळ नव्हता. दोनदा मशीन लावून तापवून गाळलेलं होतं. एवढ्या निरोगी तेलात इतकं पाणी येतं कुठून? तिसऱ्या अहवालानंतर तिथल्या वामनदादांचा फोन आला. हे त्याच कारखान्यात हा ट्रान्सफॉर्मर सांभाळत निवृत्त झालेले. ओरडले नाहीत, रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "मॅडम, मी त्याला अठरा वर्षं ओळखतो. तो असा नाय. चौथ्यांदा नापास झाला तर समिती भंगारात देणार. माझ्या शब्दावर घेतलाय हो लोकांनी."

आमचे साहेब म्हणाले, अहवाल गेला, विषय संपला. मी दोन दिवसांची रजा टाकली, चार कोऱ्या बाटल्या घेतल्या, चाचणीची जड पेटी गाडीच्या मागच्या सीटवर पट्ट्यानं बांधली आणि निघाले. खोटं कशाला बोलू, सहलीला निघालेल्या शाळकरी मुलीसारखी मी आदल्या रात्री धड झोपले नव्हते.

महाड

ताम्हिणी उतरून हायवेला लागलं की हवाच बदलते. दासगावापाशी सावित्री दिसली. जानेवारीतली सावित्री शहाणी, शांत, काठाशी दोन होड्या. महाडकरांना विचारलं तर ते मात्र नदीकडे जरा तिरक्या नजरेनंच बघतात. बाजारातल्या दुकानदारानं मला पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते दाखवायला हात डोक्याच्याही वर नेला आणि त्याच हातानं पिशवीत चिक्की टाकली.

औद्योगिक वसाहतीत पाळी सुटायची वेळ झाली होती. मोटरसायकली, कंपनीच्या बसगाड्या, डबे लटकवलेले हात. आणि वास! लोक नाकाला रुमाल लावतात, मी काच खाली केली. एकीकडे विद्रावकाचा गोडसर वास, पुढे तापलेल्या खनिज तेलाचा. हा वास ज्याला आवडतो त्याला डॉक्टरकडे न्यावं, असं माझ्या नवऱ्याचं मत आहे.

तिथे मला अन्वरभाई भेटायचे होते. तेल गाळायचं मशीन टेम्पोवर चढवून हे गृहस्थ खेडपासून माणगावपर्यंत फिरतात. तेल तापवायचं, निर्वातात ओढायचं, पाणी उडवायचं आणि परत भरायचं, हा त्यांचा धंदा. पोलादपूरचं तेल दोन्ही वेळा त्यांनीच गाळलं होतं. मी कोण ते कळल्यावर त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"तुम्हीच का त्या? तेरा लिहिणाऱ्या?"

"मीच."

"माझं मशीन काय ताक घुसळतं काय, मॅडम? सकाळपासून संध्याकाळपर्यंत फिरवलं मी ते तेल. माझ्या मुलीला त्यात केस धुवायला सांगेन, एवढं स्वच्छ केलं."

मी म्हटलं, म्हणूनच आले आहे. ते पाघळले. मग आम्ही अर्धा तास तेलाबद्दल बोललो. कुठल्या कारखान्याचं तेल कसं म्हातारं होतं, बायोडिझेल मशीनमध्ये घातलं की रबराचे वायसर कसे फुगतात. एवढ्या वर्षांत मला इतका रसिक माणूस भेटला नव्हता. "उद्या वाडीवर मीपण येतो," ते निघताना म्हणाले. "तेरा येतात का सोळा, माझ्या डोळ्यांसमोर येऊ देत."

वरची वाडी

पोलादपूर सोडलं की रस्ता डोंगरात घुसतो आणि गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच चालते. भात कधीच कापून झालेलं, खाचरं मोकळी, बांधावर तुरळक वाल. गुरं रस्त्यावर बसलेली होती आणि हॉर्नला किंमत देत नव्हती. एका वळणावर म्हशीला चुकवताना माझं मागचं चाक गटारात गेलं. वरून चार माणसं आली, गाडी शब्दशः उचलून रस्त्यावर ठेवली आणि "पेटी फुटली नाय ना?" असं विचारलं. मी कोण आणि पेटीत काय आहे, हे वाडीला माझ्याआधी पोचलं होतं.

वामनदादा बारीक, ताठ, शर्टाच्या खिशात अजून टेस्टर. त्यांनी मला घरीसुद्धा नेलं नाही, आधी ट्रान्सफॉर्मर दाखवला. शेड मोकळ्या माळावर होती.

"इथं लांब का बांधलंत?" मी विचारलं.

"तळीयेला दरड कोसळल्यापासून डोंगराच्या पोटाशी आमी काय बांधत नाय," ते म्हणाले आणि पुढे चालू लागले.

तो करडा, अंगाला पंखांसारखे पत्रे फुटलेला बोजड ठोकळा बघून मला खरंच भरून आलं. ज्याचं रक्त तीनदा तपासलं तो रुग्ण पहिल्यांदा भेटत होता. दादांनी त्याला स्वतः रंग दिला होता. एका बाजूला काचेची बरणी, तिच्यात निळे दाणे. ट्रान्सफॉर्मर गरम-गार होताना हवा आत-बाहेर घेतो, आणि आत जाणाऱ्या हवेतला दमटपणा हे दाणे शोषतात. शोषून पोट भरलं की गुलाबी पडतात. इथले दाणे एकजात निळे होते.

"पावसात दर आठवड्याला भाजतो," दादा म्हणाले. "कोरडं म्हणजे कोरडंच पायजे."

"भाजता?"

"दाखवतो की."

परसात वेगळी चूल होती, वेगळं गंजकं घमेलं होतं. दादांनी जुने गुलाबी दाणे त्यात ओतले आणि उलथन्यानं हलवायला लागले. हळूहळू दाणे जांभळे झाले, मग निळे. प्रयोगशाळेत आम्ही हेच ओव्हनमध्ये करतो आणि त्याला मोठं नाव देतो. मी त्यांच्या हातातून उलथनं घेतलं आणि शेवटचा घाणा मीच भाजला.

"माझ्या चुलीजवळ आणायचे नायत हां ते दाणे," आतून आवाज आला. "इषारी असतात. मीच सांगितलं ह्यांना, घमेलं वेगळं ठेवा म्हणून."

या पार्वतीवहिनी, दादांच्या पत्नी. सातवीपर्यंत शिकलेल्या. केंद्राची वही त्यांच्याकडे, वाड्यांच्या बायकांना दुधाच्या स्वच्छतेचं शिकवायचं कामही त्यांच्याकडे. ओटीवर बसवून त्यांनी मला चहा दिला. आधी कपांत कढत पाणी ओतलं, गरागरा फिरवलं, अंगणात फेकलं आणि मगच चहा गाळला. कप धुऊन ठेवलेले होतेच. आमच्याकडे घासलेलं भांडं फळीवर गेलं की ते स्वच्छ, वापरताना फार तर फडकं मारतो. इथे वापरण्याच्या क्षणी पुन्हा पाणी.

"दुधाचं घर हाय ना," वहिनी म्हणाल्या. "चरवीला आयत्या वेळी कढत पाणी दाखवल्याबिगर दूध नाय घालायचं. सासूनं लावलेली सवय."

मी कौतुक केलं. चहाचा दुसरा कप मागितला. डोक्यात मात्र काहीही पेटलं नाही. तेवीस वर्षांचा अनुभव म्हणतात तो हा!

जेवायला नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, सुकटीची चटणी आणि ताक. नंतर खरवस. मी तीन वड्या खाल्ल्या आणि चौथीला नको म्हणताना आवाजात दम नव्हता. सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत नमुना काढायचा ठरलं. मी गाडीतून चारही बाटल्या आणून ओटीच्या फळीवर ठेवल्या.  जेवताना दादा एकदम म्हणाले, "संध्याकाळचं दूध खाली पोचेपर्यंत फाटतं, मॅडम. सकाळचं जातं, संध्याकाळचं वासरांना नायतर खव्याला. टाकी येऊन चार महिने झाले. लोक मला तोंडावर काय बोलत नायत. बोलले असते तर बरं."

कुंपणावरच्या बाटल्या

मला जाग आली तेव्हा थंडी मी म्हणत होती. चूळ भरायला परसात गेले. कुंपणाच्या काठ्यांवर दुधाच्या चरव्या आणि कॅन उपडे घातले होते, उन्हाची पहिली तिरीप त्यांच्यावर पडली होती. आणि त्यांच्याच रांगेत, शेवटच्या चार काठ्यांवर, माझ्या चार तपकिरी बाटल्या उपड्या. लखलखीत, अशा मी जन्मात पाहिल्या नव्हत्या. एकीच्या तोंडातून थेंब लोंबत होता. मी बघत होते तोवर तो पडला.

मी किंचाळले. नंतर सगळ्यांनी मला त्याची नक्कल करून दाखवली, त्यामुळे नाकारण्यात अर्थ नाही.

वहिनी हातात कढत पाण्याचा तांब्या घेऊन धावत आल्या. "काय गो ताई? इंचू?"

"बाटल्या! वहिनी, बाटल्या धुतल्यात?"

"मग? राखेनं घासल्या, रात्री उपड्या घातल्या, आता कढत पाणी दाखवलं. पुण्याला जायच्या, कळकट कशा पाठवू?"

"दर वेळी?"

"दर वेळी. तुमच्याच कागदावर लिवलंय."

त्यांनी आत जाऊन कागद आणला. प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी न मोडता जपलेला. बाटल्यांबरोबर आम्ही पाठवतो तो सूचनांचा कागद. आधी तो इंग्रजीत होता. लोकांना कळत नाही म्हणून मी भांडून मराठीत केला, एका रविवारी बसून, अभिमानानं. वहिनींनी बोट ठेवून वाचलं, "पहिली सूचना. स्वच्छ बाटलीतच नमुना भरावा."

मी पायरीवर बसले. बाटल्या आमच्याकडून भट्टीत वाळवून, बूच लावूनच जातात. मला म्हणायचं होतं की भलत्या बाटलीत भरू नका. माझ्या डोक्यात स्वच्छ म्हणजे कोरडी. ज्या घरात दूध आहे त्या घरात स्वच्छ म्हणजे आत्ता धुतलेली. दुसरा अर्थ असूच शकत नाही! बाटली वरून कोरडी दिसते, पण आत ओलाव्याचा पातळ थर राहतो आणि झाकणातली पुठ्ठ्याची चकती तर पाणी पिऊन बसते. ज्या दादांनी दाण्यांतला दमटपणा भाजून काढला, त्यांच्या हातात बाटली यायची ती वहिनींच्या हातून.

दादा दाढीला साबण लावलेले तसेच उभे होते. त्यांच्या ध्यानात सगळं आलं होतं. "कंपनीत नमुना लॅबवाले न्यायचे," ते हळूच म्हणाले. "मी वॉल्व उघडून द्यायचो फक्त. अगो, तू कढत पाणी घालत होतीस?"

वहिनींचा चेहरा एकदम पडला. त्यांनी तांब्या खाली ठेवला. "म्हंजे चार महिने माज्यामुळं?"

"नाही," मी म्हटलं, आणि हे मी अगदी ओरडून म्हटलं. "माझ्यामुळे. हा शब्द माझा आहे. तुम्ही लिहिलंय तेच केलंत, आणि माझ्याहून नीट केलंत."

ठिणगी

अन्वरभाई नऊला पोचले. त्यांना सांगितल्यावर ते आधी हसले, मग त्यांनी आपल्या टेम्पोच्या बॉनेटवर मायेनं थाप मारली. पण अजून काही सिद्ध झालं नव्हतं. बाटली दोषी आहे हा माझा तर्क होता. तेलही खरंच वाईट असेल तर? हे बोलून दाखवायची माझी हिंमत नव्हती. दादांना ते न बोलताच कळलं होतं, कारण ते पुसलेला वॉल्व पुन्हा पुन्हा पुसत होते.

पेटी शेडमध्ये मांडली. समितीची माणसं, दूध घालून परतणाऱ्या बायका, सगळे दाराशी. मी आधी वहिनींच्या धुतलेल्या बाटलीत तेल घेतलं, ते पेल्यात ओतलं आणि दाब चढवायला सुरुवात केली. आठ, दहा, बारा, चौदा. ताड!

दाराशी कुणीतरी "परत तेच" म्हणालं. दादांनी मान खाली घातली.

मग मी पेला पुसला, ट्रान्सफॉर्मरच्याच तेलानं तीनदा विसळला आणि वॉल्वमधून थेट पेल्यात तेल घेतलं. बाटली मधे नाहीच. बुडबुडे बसेपर्यंत थांबायचं असतं. थांबले. बाहेर एक रेडकू ओरडत होतं. बटण दाबलं. दहा. चौदा. चौदा गेले. वीस. पंचवीस. वामनदादा पुटपुटले, "धर रे बाबा, धर." तीस. अन्वरभाई मोठ्यानं आकडे मोजायला लागले आणि सगळी शेड त्यांच्याबरोबर मोजायला लागली, "चाळीस! पन्नास!" सत्तावन्नला ठिणगी पडली.

माझ्या प्रयोगशाळेत सत्तावन्न रोज येतात. मी ते वहीत लिहिते आणि डबा उघडते. तिथे मात्र मी दोन्ही हात वर करून नाचले. हो, नाचले. वय बावन्न. चाचणी सहा वेळा करायची असते, सहाही वेळा तेल पन्नासच्या वर राहिलं. दादा ट्रान्सफॉर्मरपाशी गेले आणि त्याच्या अंगावर हात ठेवून पाठमोरे उभे राहिले. त्यांना तसंच राहू दिलं सगळ्यांनी.

एक अडचण उरली होती. अहवालावर शिक्का बसतो तो प्रयोगशाळेतल्या चाचणीचा, सीलबंद बाटलीतल्या तेलाचा, आणि माझ्या चारही बाटल्या न्हाऊन बसल्या होत्या. पुण्याहून नव्या पाठवते म्हटलं. जाताना वहिनींनी त्या चारांतल्या एकीत मला साजूक तूप भरून दिलं. "ही धुतलेली हाय," त्या म्हणाल्या, "हिला तरी चालेल ना?" त्या हसल्या, पण मग माझा हात धरून म्हणाल्या, "ताई, न धुता मी कशी देऊ कुनाच्या हातात? जमल का मला?"

मी म्हटलं जमेल. खात्री मला नव्हती.

पुणे

परत आल्यावर मी पहिलं काम कागदाचं केलं. पहिली सूचना आता अशी आहे: "बाटली कोरडी आहे. ती धुवू नये, विसळू नये, पुसूही नये." साहेब म्हणाले, जरा जास्तच होतंय. मी म्हटलं, वाडीवर चला एकदा.

आठवड्यानं खोकं आलं. बाटली तेलकट बोटांच्या ठशांनी भरलेली, बूच घट्ट, आणि गळ्याला दोऱ्यानं बांधलेली वहीच्या पानाची चिठ्ठी. "ताई, बाटली धुतलेली नाय. तशीच पाठवते, माफी असावी. हे नमुना काढायला गेले तवा मी शेजारच्या वाडीत जाऊन बसले. तेवढं पास करा."

मी चिठ्ठी खिशात घातली आणि नेहमीसारखं, कुणाचीही भीड न ठेवता तेल तपासलं. सहा वेळा. सगळ्यात कमी आकडा पंचावन्न आला. शिक्का मारला आणि फोन लावला.

"पास," मी म्हटलं.

 पलीकडे फोन बाजूला ठेवल्याची खडखड आणि लांबून, अंगणातून, वहिनींचा खणखणीत आवाज:

"अवो, ऐकलंत का? कॅन काढा सगळे भायर, चरव्या काढा! पाणी तापवते. आता धुवायला घेते, आता मला कोण अडवतंय तेच बघते!"